रोजचे अन्न, रोजचा चहा : घरातला एक हिशेब

आपल्या कोणत्याही कार्यक्रमात जेवणाची पंगत बसली की एक दृश्य आता हमखास दिसते. पानावर भात येण्याअगोदर कोणीतरी खिशातून गोळ्यांची पट्टी काढतो. शेजारचा विचारतो, "तुम्हालाही शुगर का?" आणि मग दोघांचे बोलणे डॉक्टर, पथ्य आणि पायाला येणाऱ्या मुंग्या यांवर जाते. पूर्वी हे बोलणे साठीच्या माणसांत चालत असे. आता ते चाळिशीत, कधीकधी त्याहीअगोदर ऐकू येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आढळला. स्वतः बाबासाहेबांना उत्तरायुष्यात मधुमेहाने फार त्रास दिला, हे आपण सर्वजण जाणतो. त्यांच्या काळी इन्सुलिन होते, परंतु बोटातल्या रक्ताच्या थेंबावर घरच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. आज ते यंत्र अनेक घरांतल्या कपाटात आहे, आणि त्याच घरात चहाच्या डब्याशेजारी साखरेचा डबा चहाच्या डब्याच्या चौपट मोठा आहे.

आहारावरील बहुतेक लेख "हे खा, ते खाऊ नका" असे सांगतात आणि वाचणारा पान उलटतो. प्रस्तुत लेखात आम्हाला तसे करायचे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, अपाय होतो तो सणावाराच्या एखाद्या जेवणाने फारसा होत नाही. रोज घडणाऱ्या आणि कोणीही न मोजणाऱ्या लहानसहान गोष्टींनी तो होतो. चहातली साखर, ताटातला भाताचा ढीग, भाजीवर वरून घेतलेले मीठ, कढईतले तेल, या गोष्टी मोजता येतात. त्या मोजायला पैसे लागत नाहीत, शिक्षणही फारसे लागत नाही.

अन्नाचा निर्णय आपल्याला नवा नाही

अन्न बदलणे अवघड असते असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु आपल्या समाजाने अन्नाविषयीचा एक फार मोठा निर्णय एकदा घेतलेला आहे. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असे आवाहन केले. ज्यांच्या घरात दुसरे काही नव्हते अशा माणसांनी ते मानले. ते सोडताना किती पोटे रिकामी राहिली असतील याचा विचार आजच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, कण्या, हुलग्याचे माडगे, रानातली भाजी यांवर जगलेल्या पिढ्यांच्या जेवणाची नोंद शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात वाचायला मिळते. ज्यांना आपल्या आजीच्या चुलीवर काय शिजत होते हे ठाऊक नाही, त्यांनी ते पुस्तक मिळवून वाचावे.

त्या वेळचा निर्णय स्वाभिमानाचा होता. आज आपल्यापुढे जो प्रश्न आहे तो तितका मोठा दिसत नाही. मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा कमावता माणूस मूत्रपिंड निकामी होऊन अंथरुणाला खिळतो, तेव्हा एका पिढीने कष्टाने वर आणलेले घर पुन्हा खाली जाते. मुलाचे शिक्षण थांबते, घरातले सोने गहाण पडते. हे आपल्या आजूबाजूला घडत आहे, म्हणून हा विषय आम्ही महत्त्वाचा मानतो.

भाकरी मागे पडली ती कशी?

पन्नास-साठ वर्षांपूर्वी मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भाच्या मोठ्या भागात ज्वारी-बाजरीची भाकरी हेच जेवण होते. पोळी आणि पांढरा भात सणाला. त्यामुळे हाती पगार आल्यावर पहिली गोष्ट काय झाली, तर रोज पोळी आणि रोज भात. यात कोणाचा दोष नाही. जे अन्न वाड्यावरच्या लोकांच्या ताटात दिसत होते, ते आपल्या मुलांच्या ताटात यावे असे कोणत्याही आईबापाला वाटणारच. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याच्या कामावरची सुकडी खाल्ली, त्यांना पुढे ज्वारीचे नावही नकोसे झाले असेल तर ते समजण्यासारखे आहे. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळू लागला, शहरातल्या लहान खोलीत भाकरी थापण्यापेक्षा कुकर लावणे सोपे पडले, आणि भाकरी "गावाकडची" झाली.

वास्तविक पाहता पोषणाच्या दृष्टीने भाकरीचे पीठ कमी प्रतीचे नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू म्हणजे चोथा असतो, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमांच्याही आत आहे. १०० ग्रॅम बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या वर, तर पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नाही. नाचणीत कॅल्शियम सुमारे ३६० मिलिग्रॅम आहे, आणि त्याबाबतीत कोणतेही धान्य तिच्या जवळपास येत नाही. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून जी धान्ये आपल्या आजीने गरिबीत खाल्ली ती मोठ्या दुकानांत रंगीत पिशव्यांतून चौपट भावाने मिळू लागली आहेत, ही गंमतच म्हणायची.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. कारण भरड धान्याचा सध्या जो गाजावाजा चालू आहे तो अर्धाच खरा आहे. वर उल्लेख केलेल्या पाहणीतूनच आहाराविषयीचा पुढील अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, भारतीय माणसाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, आणि पिष्टाचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून नुसते तांदळाच्या जागी दुसरे धान्य आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळत नाही. पिष्ट काही प्रमाणात कमी करून त्या जागी डाळी, कडधान्ये, दूध-दही यांतली प्रथिने आणली तेथे धोका कमी दिसतो. याचा साधा अर्थ असा की, चार पोळ्यांच्या जागी चार भाकरी केल्या की काम झाले असे समजू नये. आजी चार भाकरी खात होती, पण ती दिवसभर खुरपणीही करत होती. आपण खुर्चीत बसतो आणि भाकरी मात्र तिच्याइतकी मागतो.

भावाचाही प्रश्न आहे. रेशनवर गहू-तांदूळ मोफत मिळत असताना बाजारातून ज्वारी विकत घ्या असे सांगणे सोपे आहे, परवडणे अवघड. ज्यांना परवडत नाही त्यांनी त्याची खंत बाळगू नये. रेशनचाच तांदूळ असू द्या, भाताची मूद थोडी लहान करा आणि आमटी घट्ट करा. मोड आलेली मटकी, हुलगे, हरभरा, भाजलेले शेंगदाणे ही गरिबाची प्रथिने आहेत. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिने असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. बाजारात पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, चिवळ, टाकळा या भाज्या जुडीने मिळतात, गावी बांधावर फुकट मिळतात. भात शिजवताना पाणी जास्त घालून नंतर ते ओतून देऊ नये, त्याबरोबर 'ब' जीवनसत्त्व वाहून जाते. कोकणातील मंडळी उकडा तांदूळ खातात. साळीसकट उकडल्याने हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, आणि त्यामुळे तो पांढऱ्या तांदळापेक्षा चांगला.

कोसलचा राजा आणि एक नाळीभर भात

किती खावे याविषयी संयुत्तनिकायात एक प्रसंग आहे, तो येथे सांगण्याजोगा आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खात असे. एकदा तो असाच जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपदेश केला तो अगदी थोडक्यात. जो माणूस सावध राहून मापाने खातो त्याच्या यातना कमी होतात, त्याला म्हातारपण सावकाश येते आणि आयुष्य राखले जाते, असा त्याचा आशय. राजाने काय केले हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. शेजारी उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला त्याने ती गाथा पाठ करायला सांगितली आणि आपण जेवायला बसलो की रोज म्हणत जा, असे सांगितले. त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. मग राजाचे जेवण हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आले आणि त्याचे शरीर हलके झाले.

या प्रसंगात उपास नाही, एखादा पदार्थ वर्ज्य नाही, औषधही नाही. जेवतानाच कोणीतरी आठवण करून द्यायची आणि माप हळूहळू कमी करायचे, इतकेच. आजचा आहारतज्ज्ञही जवळजवळ हेच सांगतो. आपल्याकडे सुदर्शनाचे काम ताटाने करता येते. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर यांचा, पाव भाग डाळ, उसळ, अंडे किंवा मासळीचा, आणि राहिलेला पाव भाग भात-भाकरीचा. आपल्या घरी आज हे उलटे असते. अर्धे ताट भात, आणि भाजी लोणच्यासारखी कडेला.

मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र भात एकाएकी तोडू नये. औषध तेवढेच राहून जेवण कमी झाले तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्धही पडतो. डॉक्टरांना सांगून, औषधाचे प्रमाण जुळवून मगच बदल करावा.

चहा

आता चहाकडे येऊ. या विषयावर लिहिताना आम्हाला जपून लिहावे लागते, कारण आपल्या घरी चहा हे नुसते पेय नाही. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना गावातल्या हॉटेलाबाहेर बसून, वेगळ्या ठेवलेल्या फुटक्या कपात चहा घ्यावा लागला, आणि तो कप स्वतःच विसळून ठेवावा लागला, त्यांच्या घरी आल्यागेल्याला स्वच्छ कपबशीत चहा देणे याला अर्थ आहे. तो चहा बंद करा असे कोणी सांगितले तर ते आम्हालाही रुचणार नाही. चहा राहू द्यावा. हिशेब साखरेचा आहे.

एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. सकाळी एक, कामावर दोन, संध्याकाळी एक असे चार कप धरले तर ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले. मध आणि फळांच्या रसातली साखरही यातच धरलेली आहे. साधारण २००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शिकेत हीच मर्यादा धरली आहे. म्हणजे चार कप चहा पिणाऱ्याने मिठाईचा तुकडाही न खाता मर्यादा ओलांडली. वर्षाला ही साखर साडेचौदा किलो होते, एका माणसाची आणि फक्त चहातून!

चहासोबत बिस्किटे असतात. बहुतेक ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या साधारण चौथा हिस्सा साखर, आणि बाकी मुख्यतः मैदा. 'ग्लुकोज' या शब्दाने आपल्या लोकांच्या मनात शक्तीची कल्पना बसवली आहे. आजारी माणसाला बिस्किटचा पुडा नेण्याची रीत त्यातूनच पडली. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे दहा-बारा महिन्यांच्या बाळाला चहात बुडवलेले बिस्किट भरवणे. दोन वर्षांच्या आतील मुलाच्या अन्नात साखर अजिबात घालू नये, आणि चहा तर लहान मुलाला द्यायचाच नसतो. मऊ भात-वरण, नाचणीची खीर साखरेशिवाय, कुस्करलेले केळे, पूर्ण उकडलेले अंडे ही त्याची खाणी आहेत. आजीने प्रेमाने भरवलेले बिस्किट सुनेने कसे थांबवायचे हा अवघड प्रश्न आहे, त्याला आमच्याकडे उत्तर नाही. पण आजी हा लेख वाचत असेल तर तिने तरी ऐकावे.

"आम्ही गुळाचा चहा घेतो," असे अनेकजण अभिमानाने सांगतात. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, तथापि त्याच्या वजनाच्या सुमारे ८५ टक्के साखरच असते. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. थंड पेयांचे तर विचारूच नये. ३०० मिलिलिटरच्या कोला पेयात ३० ग्रॅमांच्या वर साखर असते, म्हणजे सहा चमचे. चहात कोणी सहा चमचे साखर घातली तर आपण कप बाजूला सारू. थंड असल्याने आणि आंबट असल्याने जिभेला ते कळत नाही. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत एप्रिलच्या उन्हात मुलांना पेयांच्या बाटल्या वाटल्या जातात. त्याऐवजी ताक, मठ्ठा किंवा साखर बेताची ठेवून केलेले लिंबू-सरबत वाटावे, असा प्रस्ताव आम्ही संस्थेपुढे या लेखाद्वारे ठेवत आहोत. खर्चही कमी येईल.

साखर कमी करायची तर एकदम निम्मी करू नये, चहा पाणचट लागतो आणि तिसऱ्या दिवशी चमचा पूर्ववत होतो. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करावा. जिभेला थोड्या आठवड्यांत कमी गोडाची सवय होते, आणि मग जुना चहा पाकासारखा लागतो. पाहुण्याला चहा देताना साखर वेगळी ठेवावी. कमी साखरेचा चहा दिला म्हणजे हात आखडला असे समजण्याचे दिवस आता गेले पाहिजेत.

रक्त कमी आणि शेवटची पंगत

चहाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे फारच दुर्लक्ष होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६७ टक्के आहे. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. म्हणून जेवणाच्या अगोदर आणि नंतर एक तास चहा घेऊ नये, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. आपल्या घरी काय होते? पहाटे उठून सर्वांचे डबे करणारी स्त्री स्वतः न्याहारी करत नाही. दहा वाजता चहा आणि त्यात बुडवून शिळी पोळी, हीच तिची न्याहारी. तिने खाल्लेल्या पोळीतले थोडेसे लोहही तो चहा वाया घालवतो.

याउलट लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतील 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. पालेभाजीवर पिळलेल्या अर्ध्या लिंबाने जे काम होते ते महागड्या टॉनिकनेही होईलच असे नाही. मांसाहार करणाऱ्या घरांत मटण आणि कलेजीतले लोह शरीराला सर्वांत सहज मिळते. मात्र रविवारच्या मटणातले तुकडे कोणाच्या ताटात जातात आणि रस्सा कोणाच्या वाट्याला येतो, हे प्रत्येकाने आपल्या घरी एकदा पाहावे. समतेवर भाषण करणाऱ्या घरातही बाई शेवटी जेवते. भांड्याच्या तळाशी उरलेले ती खाते, आणि तीच मूल पोटात वाढवते. कलेजीचे दोन तुकडे अगोदर तिच्या आणि वयात आलेल्या मुलीच्या ताटात वाढावेत. शाळेत मिळणारी लोहाची गोळी मुलींनी फेकू नये, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. दम लागणे, पाय गळून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे हे बायकांच्या जातीला असायचेच, असे समजू नये. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून मिळते.

मीठ आणि तेल

मिठाविषयी थोडक्यात सांगतो. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट लहान चमचा, ही प्रौढ माणसाची मर्यादा. त्यात भाजीतले, आमटीतले, भाकरीतले, लोणचे-पापडातले आणि फरसाणातले सगळे मीठ आले. आपला ठेचा, खारवलेली मासळी, पापड हे एकाच ताटात आले की मर्यादा एका जेवणातच संपते. ताटावर वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद केली आणि मिठाची बरणी पंगतीतून उचलली, तरी बरेच काम होते. सैंधव किंवा काळे मीठ घेतले म्हणून रक्तदाब वाढत नाही हा समज चुकीचा आहे, तेही मीठच. बाजारात 'कमी सोडियम'चे मीठ मिळते. त्यात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

तेल कोणते चांगले यावर लोक वाद घालतात. किती वापरले हे कोणी बोलत नाही. शेंगदाणा, करडई, जवस, मोहरी ही तेले आलटून पालटून वापरावीत. वनस्पती तूप घरात आणू नये. तळणाचे तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. तेल काळवंडले, चिकट झाले, फेस येऊ लागला म्हणजे ते टाकण्याच्या लायकीचे झाले. घरी भजी तळून उरलेले तेल फोडणीला लवकर संपवावे. वडापाव खाऊच नये असे आमचे म्हणणे नाही, तो या शहरातल्या कष्टकऱ्याचे जेवण आहे. फक्त ज्या गाडीवरचे तेल डांबरासारखे दिसते तेथून पुढे जावे.

बाटलीचा हिशेब

पेयांची गोष्ट निघाली की दारूचा उल्लेख टाळता येत नाही. पाचव्या शिलाचे ग्रहण आपण सर्वांनी केलेले आहे. त्यावर येथे अधिक लिहीत नाही, कारण ते सर्वांना पाठ आहे आणि हळदीच्या रात्री सर्वजण विसरतात. येथे फक्त आरोग्याचे बोलू. दारू कर्करोगाला कारणीभूत आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की, आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. "थोडी घेतली तर हृदयाला बरी" हा युक्तिवाद आता कोणी करू नये.

तरुणांमध्ये "बिअर म्हणजे दारू नव्हे" असे एक मत आहे. हिशेब करून पाहू. ५ टक्के मद्यार्क असलेल्या ६५० मिलिलिटर बिअरच्या बाटलीत साडेबत्तीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटर मोठ्या पेगमध्ये तो पावणेसव्वीस मिलिलिटरच्या आसपास भरतो. म्हणजे बिअरची एक बाटली मोठ्या पेगपेक्षा जास्त. 'स्ट्राँग' म्हणून विकली जाते तिच्यात याहून अधिक. पिणाऱ्याची भूक मरते, तो जेवत नाही, आणि ज्या पैशात घरी आठवड्याची डाळ आणि अंडी आली असती ते संपलेले असतात. याचे दुष्परिणाम फक्त त्याच्या यकृतावर होत नाहीत, घरातल्या मुलांच्या ताटावरही होतात.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. नववी-दहावीच्या गणितात ते बसते.

घरातली महिन्याच्या किराण्याची यादी घ्या. चार प्रौढ माणसांचे कुटुंब धरा. साखर दर माणशी २५ ग्रॅमप्रमाणे तीस दिवसांना ३ किलो होते. ही वरची मर्यादा आहे, आणि बाहेरचा चहा, बिस्किटे, मिठाई यांतली साखरही तिच्यातच धरायची. म्हणून घरी येणारी साखर दोन किलोच्या आसपास असेल तर ठीक. मीठ ५ ग्रॅमप्रमाणे ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी महिना संपायच्या आत संपत असेल तर विचार करावा. तेल आणि तूप मिळून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. चार माणसांचे महिन्याला सव्वातीन किलोच्या जवळपास, म्हणजे साडेतीन लिटर. पाच लिटरचा डबा तुमच्या घरी किती दिवस पुरतो ते वहीत लिहा. भाज्यांचे माप त्याच ताटात माणशी ४०० ग्रॅम आहे. आठवड्याच्या बाजारातून येणारी पिशवी एकदा वजन करून पाहा आणि अठ्ठावीसने भागा.

नंतर दुकानातून आणलेला कोणताही पुडा उलटा करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तक्ता असतो. त्यात साखरेचा आकडा शोधा आणि पाचने भागा, म्हणजे चमचे कळतील. सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा, नूडल्सच्या एका पुडीवर ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे, तर ते २ ग्रॅम मीठ झाले, दिवसाच्या पाचापैकी दोन. आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका पुडीचे, हे आधी पाहावे. कंपन्या बहुधा लहान माप छापतात आणि आपण पूर्ण पुडी खातो.

हे सर्व एका कागदावर मांडून स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याच्या वर चिकटवा. तीन महिन्यांनी तोच हिशेब पुन्हा करा आणि दोन्ही कागद संस्थेच्या अभ्यासिकेत आणून द्या. सर्व घरांचे आकडे एकत्र केले तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आपल्याच वस्तीचा तक्ता छापता येईल.